साठ सामन्यांपुरता माणूस

30 जुलै 2021 रोजी अटलांटा ब्रेव्ह्ज या अमेरिकन बेसबॉल संघाने क्लीव्हलँडकडून एडी रोसारिओ नावाचा आउटफिल्डर घेतला. रोसारिओ तेव्हा पोटाचा स्नायू दुखावल्यामुळे जायबंदींच्या यादीत होता. बदल्यात ब्रेव्ह्जनी पाब्लो सँडोव्हाल दिला आणि क्लीव्हलँडने त्याला ताब्यात घेताच करारमुक्त केलं. एकाला खेळता येत नव्हतं, दुसऱ्याला कोणी खेळवणार नव्हतं. तीन महिने उलटायच्या आत हाच रोसारिओ नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

जुलै संपत आला की अमेरिकेतल्या क्रीडा रेडिओवर दरवर्षी तोच वाद रंगतो: आपल्या संघाने हंगामाच्या उत्तरार्धात एखादा मुरलेला आउटफिल्डर आणावा की नाही? खेळाडूंची नावं बदलतात, वाक्यं बदलत नाहीत. त्यातली बरीचशी चुकीची असतात आणि चुकण्याचं मूळ बहुधा एकच असतं. चाहते ट्रेडकडे त्या खेळाडूच्या कारकिर्दीवरचा निकाल म्हणून पाहतात. संघाला मात्र 162 सामन्यांच्या हंगामातले उरलेले साठेक सामने आणि मैदानावरची एक रिकामी जागा दिसत असते.

‘पैसे टाकले की खेळाडू आपला’

आयपीएलचा लिलाव पाहून मोठ्या झालेल्या आपल्याकडच्या वाचकांचा हा पहिला समज. नोव्हेंबर 2023 मध्ये हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे आला तो रोख व्यवहारात; बदल्यात कोणी खेळाडू गेला नाही. शिवाय तेव्हा दोन हंगामांच्या मधला काळ होता.

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ट्रेड ऐन हंगामातही होतो आणि तो मुळात खेळाडूंची अदलाबदल असतो. खेळाडूचा चालू करार जसाच्या तसा नव्या संघाकडे जातो. उरलेल्या पगाराचा काही भाग जुना संघ उचलू शकतो, पण थैली उघडून कुणाचा तारा विकत घ्यायची मुभा नाही. याबाबतीतला गाजलेला किस्सा 1976 चा. ओकलंड अॅथलेटिक्सचा मालक चार्ली फिनली याचे बडे खेळाडू हंगामानंतर मोकळे होणार होते. त्यांचे काही तरी पैसे करून घ्यावेत म्हणून 15 जूनला त्याने आउटफिल्डर जो रूडी आणि पिचर रोली फिंगर्स यांना प्रत्येकी 10 लाख डॉलरना बोस्टनला विकलं, तर व्हायडा ब्लूला 15 लाखांना न्यूयॉर्क यांकीजना. गंमत अशी की त्या दिवशी बोस्टनचा संघ सामन्यासाठी ओकलंडमध्येच होता. रूडी आणि फिंगर्स यांना नव्या संघात जायला फक्त समोरची ड्रेसिंग रूम गाठावी लागली. बोस्टनचा गणवेशही त्यांनी चढवला, पण खेळले मात्र नाहीत. तीनच दिवसांत कमिशनर बोवी क्यून यांनी खेळाच्या हिताचं कारण देऊन तिन्ही सौदे रद्द केले. फिनली कोर्टात गेला आणि हरला. हंगाम संपल्यावर रूडी कॅलिफोर्निया एंजल्सकडे निघून गेला, फिनलीच्या हाती छदामही लागला नाही.

‘घसरणीला लागलेला माणूस कशाला आणायचा?’

सगळ्यात जास्त ऐकू येणारी ही तक्रार. तिचं उत्तर ब्रेव्ह्जच्या त्याच उन्हाळ्यात सापडतं, म्हणून तिथे थोडं थांबू.

आउटफिल्डमध्ये तिघे असतात. मधल्याला पळावं फार लागतं. डाव्या-उजव्या कोपऱ्यातल्यांची बॅट चालली तर पायांचा थोडा मंदपणा खपून जातो. 2021 च्या उन्हाळ्यात ब्रेव्ह्जची ही फळीच कोसळली. मे महिन्यात मार्सेल ओझुनाची बोटं मोडली, त्यानंतर त्याला घरगुती हिंसाचाराच्या आरोपाखाली अटक झाली आणि तो संघाबाहेर गेला. 10 जुलैला मायामीत एक चेंडू पकडायला उडी मारताना रोनाल्ड अकुन्याच्या उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. अकुन्या म्हणजे संघाचा हुकमी एक्का. त्याच्या तोडीचा माणूस जुलैत कोणी देत नसतो आणि दिलाच तर मागेल ती किंमत परवडत नाही.

जनरल मॅनेजर अॅलेक्स अँथोपुलस यांनी दुसरा अकुन्या शोधलाच नाही. त्यांनी दोन आठवड्यांत चार मध्यम आउटफिल्डर गोळा केले. 15 जुलैला शिकागो कब्जकडून जॉक पीडरसन आणि 30 जुलैला एकाच दिवशी रोसारिओ, अॅडम डुव्हाल आणि होर्हे सोलेर. यातल्या सोलेरची कॅन्सस सिटीत बॅटिंग सरासरी होती .192, म्हणजे शंभर वेळा बॅट हाती घेतली तर जेमतेम एकोणीस हिट. दहापैकी तीन हिट मारणारा चांगला समजला जातो, यावरून अंदाज यावा. कागदावर ही खरेदी भंगारातली वाटली तर नवल नाही. पण मधल्या काळात त्या जागांवर जे खेळत होते त्यांच्यापेक्षा हे चौघे बरे होते, आणि संघाला तेवढंच हवं होतं. 6 ऑगस्टला ब्रेव्ह्जनी त्या हंगामात पहिल्यांदा पराभवांपेक्षा जास्त विजय नोंदवले.

पुढचं सगळं इतिहासात आहे. प्लेऑफमध्ये मिलवॉकीविरुद्ध पीडरसनने बदली बॅटर म्हणून येऊन तीन धावांचा होमरन मारला आणि सामना 3–0 ने खिशात घातला. त्याच्या गळ्यातली मोत्यांची माळ पाहून अटलांटाचे चाहतेही मोती घालून मैदानात येऊ लागले. लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध रोसारिओने 25 पैकी 14 वेळा हिट मारले, सरासरी .560. ह्यूस्टनविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजमध्ये सोलेरने तीन होमरन मारून मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू हा मान पटकावला. डुव्हालने पाचव्या सामन्यात ग्रँडस्लॅम, म्हणजे चार धावांचा होमरन, ठोकला. ब्रेव्ह्ज 4–2 ने जगज्जेते झाले.

इथेच दुसरा गैरसमज जन्माला आला: ‘अँथोपुलसना हे दिसलं होतं.’ छे! .560 कोणालाच दिसत नसतं. त्यांना दिसलेली गोष्ट एवढीच की तीन जागा रिकाम्या आहेत आणि न्यूयॉर्क मेट्स गटात पुढे असले तरी आवाक्याबाहेर नाहीत. ऑक्टोबरात प्लेऑफला पोचलेल्या संघांमध्ये सर्वांत कमी विजय ब्रेव्ह्जचेच होते, 88. नंतर पीडरसन आणि सोलेर दुसरीकडे गेले. रोसारिओला ब्रेव्ह्जकडूनच 2 वर्षांचा करार मिळाला, पण 2022 मध्ये डोळ्यावर उपचार करून घ्यावे लागले आणि सरासरी .212 वर आली. त्यामुळे जुलैमधली खरेदी चुकीची ठरत नाही. चुकलं असेल तर दोन महिन्यांच्या कामगिरीवर दोन वर्षांचे पैसे मोजणं.

‘हे आकडे डेन्व्हरच्या हवेचे’

कोलोरॅडो रॉकीजच्या प्रत्येक बॅटरला हे ऐकावं लागतं. त्यांचं डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 1600 मीटर उंचावर, तिथली हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो. हे खरंच आहे. मात्र त्यावरून ‘खाली उतरला की याची बॅट थंड’ असं म्हणता येत नाही. 6 ऑगस्ट 2004 रोजी लॅरी वॉकर कोलोरॅडोहून सेंट लुइस कार्डिनल्सकडे आला तेव्हा तो 37 वर्षांचा होता. नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू हा किताब मिळून सात वर्षं झाली होती. कार्डिनल्सकडून 44 सामन्यांत त्याने 11 होमरन मारले आणि त्यानंतर प्लेऑफमध्ये आणखी 6. वर्ल्ड सिरीजमध्ये बोस्टनने कार्डिनल्सना 4–0 असं झोपवलं, पण त्या पराभवातही वॉकरची सरासरी .357 होती. विरळ हवेचा ठपका मात्र पुसला जाईना. हॉल ऑफ फेममध्ये जायला त्याला मतपत्रिकेवरचं दहावं, म्हणजे शेवटचं वर्ष उजाडावं लागलं. 2020 मध्ये 75 टक्क्यांची अट त्याने 76.6 टक्के मतांनी पार केली.

‘पोरं देऊन भविष्य विकलं’

अधूनमधून हे खरंही ठरतं. 1988 मध्ये यांकीजनी केन फेल्प्ससाठी जे ब्यूनर हा तरुण आउटफिल्डर सिअॅटलला दिला. ब्यूनरने पुढे कारकिर्दीत 310 होमरन मारले. ‘साइनफेल्ड’ या विनोदी मालिकेत एक म्हातारा यांकीजच्या मालकाला या ट्रेडवरून झापतो, इतकी ती जखम न्यूयॉर्कला लागलेली. 2015 मध्ये मेट्सनी योएनिस सेस्पेडिससाठी मायकल फुल्मर हा पिचर डेट्रॉइटला दिला आणि पुढच्याच वर्षी फुल्मर अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित ठरला. पण सेस्पेडिसने 57 सामन्यांत 17 होमरन मारले आणि मेट्स वर्ल्ड सिरीजला गेले. हा सौदा तोट्याचा होता असं म्हणणारा मेट्सचा चाहता शोधावा लागेल.

मायनर लीगमधली, म्हणजे खालच्या पायरीवरची, बहुतांश मुलं वरपर्यंत पोचतच नाहीत. वॉकरच्या बदल्यात गेलेल्या तिघांपैकी कोणी कोलोरॅडोचा आधारस्तंभ झाला नाही. आपण ब्यूनर लक्षात ठेवतो, बाकीच्या शेकडो नावांचा हिशेब कोणी ठेवत नाही. आणखी एक बारकावा: हंगामाच्या मध्यात आणलेला खेळाडू शरद ऋतूत करार संपून निघून गेला, तर नव्या संघाला भरपाई म्हणून ड्राफ्टमधली निवडही मिळत नाही. म्हणून अशा माणसासाठी पहिल्या फळीतलं पोरगं सहसा कोणी देत नाही.

‘अनुभवी माणूस आला, आता अजिंक्यपद आपलंच’

2017 चा ऑगस्ट. डॉजर्स विक्रमी वेगाने जिंकत होते आणि 36 वर्षांचा कर्टिस ग्रँडरसन मेट्सकडून त्यांच्याकडे आला. भला माणूस, जाणता खेळाडू. लॉस एंजेलिसमध्ये त्याची सरासरी पडली .161 आणि वर्ल्ड सिरीजच्या चमूतून त्याला वगळलं गेलं. त्याच उन्हाळ्यात जे. डी. मार्टिनेझने अॅरिझोनात 62 सामन्यांत 29 होमरन मारले. पन्नास-साठ सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो, एवढंच यातून निघतं.

‘खेळाडूला विचारतं कोण?’

एके काळी खरंच कोणी विचारत नसे. 1969 मध्ये सेंट लुइसने 12 वर्षं खेळलेल्या कर्ट फ्लड या आउटफिल्डरला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असं त्याने कमिशनरना कळवलं आणि खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. 1972 मध्ये तो 5 विरुद्ध 3 मतांनी हरला, त्याची कारकीर्द त्यातच संपली. पुढच्याच वर्षी मात्र नियम आला: ज्याची मेजर लीगमध्ये 10 वर्षं आणि त्यातली शेवटची सलग 5 एकाच संघात झाली आहेत, त्याच्या संमतीशिवाय ट्रेड नाही. 2004 मध्ये वॉकर होकार देऊन गेला तो या हक्कामुळे.

‘31 जुलै उलटला की दार बंद’

2018 पर्यंत ऑगस्टमध्येही वेव्हर्सच्या वळणाने ट्रेड करता येत. वॉकर आणि ग्रँडरसन दोघेही असेच आले. 2019 पासून ती वाट बंद झाली आणि जुलैअखेरच्या आसपासची एकच मुदत उरली. पण वेव्हर्स ही सोय राहिलीच आहे. संघाने खेळाडू सोडायला काढला, तर दुसरा संघ त्याचा करार आहे तसा उचलू शकतो, बदल्यात काहीही न देता. 31 ऑगस्टपर्यंत आला तर तो प्लेऑफही खेळू शकतो. 2023 मध्ये एंजल्सनी जुलैत खरेदीचा धडाका लावला, ऑगस्टमध्ये हरत गेले आणि महिनाअखेरीस अर्धा डझन अनुभवी खेळाडू वेव्हर्सवर ठेवले. त्यातला हंटर रेनफ्रो आणि यांकीजचा हॅरिसन बेडर, असे दोन आउटफिल्डर सिनसिनाटीने फुकटात उचलले. दोघांचीही बॅट चालली नाही. सिनसिनाटी 82 विजयांवर अडकलं आणि प्लेऑफची शेवटची जागा 84 विजयांच्या अॅरिझोनाला मिळाली.

त्या अॅरिझोनात होता टॉमी फॅम. 35 वर्षांचा हा आउटफिल्डर 1 ऑगस्टला मेट्सकडून आलेला. बदल्यात गेला मायनर लीगमधला 17 वर्षांचा एक मुलगा. वर्ल्ड सिरीजच्या दुसऱ्या सामन्यात फॅमने चारपैकी चार हिट मारले. वर्ल्ड सिरीजमध्ये पाचपैकी पाच कोणीच मारलेले नव्हते. फॅमने मात्र आपली पाचवी पाळी मित्र जेस पीटरसनला द्यायला सांगितली, त्यालाही वर्ल्ड सिरीजमध्ये बॅट धरायला मिळावी म्हणून. अॅरिझोनाने तो सामना 9–1 ने जिंकला, मालिका 4–1 ने गमावली.

पुढच्या वर्षी जुलैच्या शेवटी फॅमला शिकागो व्हाइट सॉक्सनी सेंट लुइसला दिलं. तिथे आल्यावरच्या पहिल्याच पाळीत, बदली बॅटर म्हणून येऊन, त्याने ग्रँडस्लॅम मारला. महिन्याभरात सेंट लुइसनेच त्याला वेव्हर्सवर ठेवलं आणि 31 ऑगस्टला, प्लेऑफच्या पात्रतेचा शेवटचा दिवस गाठून, कॅन्सस सिटी रॉयल्सनी उचललं. त्याच दिवशी त्यांनी टेक्ससकडून रॉबी ग्रॉसमन हा आणखी एक अनुभवी आउटफिल्डरही घेतला. रॉयल्स प्लेऑफला पोचले.