देवाशी भांडण

परवा बचत गटाच्या कामासाठी किल्लारीजवळच्या एका पुनर्वसित गावात गेले होते. बैठक संपल्यावर गटातल्या एका मावशींनी चहाला घरी नेलं. देवघरात समई तेवत होती. शेजारी नवऱ्याचा हार घातलेला फोटो. दोन लेकरंही त्याच पहाटे गेली. त्यांचा फोटो कधी काढलाच नव्हता.

ती पहाट ३० सप्टेंबर १९९३ ची. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून दमलेली माणसं गाढ झोपेत होती आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होते. "पाप वाढलं की असंच होतं," असं घरी येणारी मोठी माणसं बोलायची. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. पाळण्यातल्या बाळाचं कसलं आलंय पाप?

पुढे कळलं, माणसं मारली ती भिंतींनी. मातीत रचलेल्या दोन-तीन फूट जाड दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद. हलक्या कुडाच्या झोपड्यांतली माणसं त्या मानानं वाचली. हे समजल्यावर देवावरचा माझा राग थोडा उतरला, खोटं कशाला बोलू! पण जमीन तरी का हलावी, हा प्रश्न राहिलाच.

धीर करून विचारलं, "मावशी, देवाचा राग नाही आला?"

"आला की. कितीतरी वर्षं दिवा लावला नाही मी. सासू लावायची, मी पाठ करून बसायची."

"मग आता?"

"आता लावते अन् भांडते. रोज इचारते, माझी लेकरं का नेलीस? सांगत नाही मेला."

मला एकदम जनाबाई आठवली. तीही विठोबाला चांगलं फैलावर घ्यायची. कॉलेजात तिचे अभंग शिकताना वाटायचं, हे सगळं लाडातलं बोलणं. त्या दिवशी वाटलं, सगळंच काही लाडातलं नसावं.

"उत्तर मिळत नाही, तर भांडता कशाला?"

"मग कुणाशी भांडू माय? ज्याच्याशी भांडायची, तो तर गेला."

चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला.

निघताना त्यांनी मागची वाढवलेली खोली दाखवली. भिंतीला कोपऱ्यात भेग पडली होती. "तुझ्या ओळखीचा चांगला गवंडी असला तर धाडून दे बाई. पावसाच्या आत सिमेंटचा पट्टा घालून घेते. नातवंडं झोपतात इथं."