चाकोरीचे माप

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरच्या बगलेवर १३.६-२८ असे आकडे उठवलेले असतात. पहिला आकडा टायरची रुंदी इंचात सांगतो, दुसरा रिमचा व्यास. बारामती-इंदापूर पट्ट्यात नांगरटीला आणि ऊस ओढायला जो चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर सर्रास दिसतो, तो बहुधा याच मापावर किंवा त्याहून रुंद १४.९-२८वर उभा असतो. शेजारी पंधरा-अठरा अश्वशक्तीचा मिनी ट्रॅक्टर असेल, तर त्याच्या मागच्या टायरवर ८.००-१८ आणि पुढच्यावर ५.२०-१४ वाचायला मिळते. दोन मापांतला फरक वितीहून कमी आहे, पण सरीच्या हिशोबात तो फार मोठा. साडेचार फुटी सरी म्हणजे चोपन्न इंच. त्यात दोन्ही बाजूंनी उसाची बेटे फुटून आत येतात, कुठे ठिबकची नळी असते, आणि उरलेल्या जागेतून चाक न्यायचे असते. म्हणून उभ्या पिकात काम करणाऱ्यांचा ओढा लहान टायरकडे असतो, आणि तो योग्यच आहे असे मला वाटते. मात्र त्यामागे एक गैरसमज लपलेला आहे. टायर लहान केला की जमिनीवरचा भार हलका होतो, असे अनेकांनी धरलेले असते. भार टायरमुळे हलका होत नाही, ट्रॅक्टर हलका असेल तरच होतो. हलक्या ट्रॅक्टरचा लहान टायर मातीला मानवतो. जड ट्रॅक्टरला चढवलेला अरुंद टायर पीक वाचवतो आणि जमीन मारतो.

या दोन तालुक्यांत हा भेद का महत्त्वाचा, ते इथल्या जमिनीत आणि उसाच्या वेळापत्रकात आहे. पाऊस कसाबसा पाचशे मिलिमीटरच्या आसपास, पण नीरा डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे बारमाही पाणी आणले, आणि पुढे इंदापूरच्या उत्तर-पूर्व अंगाला उजनीचे फुगवट्याचे पाणी आले. नदीकाठची जमीन खोल, काळी, चिकण. अशा जमिनीतून पाण्याचा निचरा मुळातच सावकाश होतो. नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर हॅरॉल्ड मॅन यांचा अहवाल १९१० साली निघाला, म्हणजे निचऱ्याचे दुखणे ट्रॅक्टर येण्याच्या कितीतरी आधीचे आहे. त्यात दाबाचा थर पडला की दुखण्यावर डाग. दुसरी गोष्ट उसाची. गहू-ज्वारीच्या रानात हंगाम संपला की नांगर फिरतो आणि वर्षाची चूक वर्षात निस्तरते. उसाचे तसे नाही. आडसाली लागण दीडेक वर्ष उभी, त्यानंतर खोडवा, पुष्कळ ठिकाणी निडवाही. बाळबांधणीच्या वेळी ओल्या रानात चाक गेले, तर तो दाबलेला पट्टा दोन-तीन वर्षे फुटत नाही, आणि खोडव्याच्या नव्या मुळ्यांना त्याच पट्ट्याशी झगडावे लागते. तोडणीनंतर चाकोरीच्या कडेला दीड फुटाचा खड्डा घेऊन पाहावे. सैल मातीत मुळ्या सरळ खाली उतरलेल्या दिसतात; दाबलेल्या थराशी त्या काटकोनात वळतात आणि फरशीवर पसरल्यासारख्या आडव्या धावतात. तिथले ढेकूळ हाताने फुटत नाही, तुटते ते चौकोनी, कडा असलेले.

आता वजनाचा हिशोब. पंचेचाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण एकोणीस क्विंटलचा धरला आणि त्यातला बाराएक क्विंटल भार मागच्या आसावर मानला, तर एका मागच्या चाकावर सहाशे किलो येतात. टायरमध्ये चौदा पौंड हवा असेल, तर स्थूलमानाने प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब पडतो. म्हणजे सहाशे किलो पेलायला टायर सहाशे चौरस सेंटिमीटर जमीन धरतो. साडेसात क्विंटलच्या मिनी ट्रॅक्टरच्या मागच्या एका चाकावर सव्वादोनशे किलो येतात. हवा तेवढीच ठेवली तर तो सव्वादोनशे चौरस सेंटिमीटरवर उभा राहतो. मातीच्या वरच्या थराला दोन्ही सारखेच जाणवतात. फरक आहे तो खोलीचा. वाल्टर झोने या जर्मन संशोधकाने १९५०च्या दशकात चाकाखाली मातीत दाब कसा उतरतो याची मांडणी केली, आणि ती आजही आधाराला घेतली जाते: वरच्या थरातला दाब टायरच्या हवेवर ठरतो, पण तो दाब किती खोल पोहोचतो हे चाकावरच्या एकूण भारावर ठरते. वरच्या चार-सहा इंचांतला दाब कुळवाने, रोटाव्हेटरने मोडता येतो. दीड फुटावरचा मोडायला सबसॉयलर लागतो, आणि उसाच्या उभ्या रानात तो चालवायची सोय नाही. मिनी ट्रॅक्टरची खरी किंमत इथे आहे. त्याने केलेली चूक वर राहते.

मोठ्याच ट्रॅक्टरला अरुंद टायर चढवला, तर सहाशे किलो सहाशेच राहतात, म्हणजे खोल जाणारा भार जराही घटत नाही. उलट अरुंद टायरला तेवढे ओझे झेपावे म्हणून हवा वाढवावी लागते. ती चौदावरून अठ्ठावीस पौंड केली की टेकण्याची जागा निम्मी आणि वरचा दाब दुप्पट; तोटा दोन्हीकडून. यावर एक रास्त आक्षेप आहे: अरुंद टायर रानाचा कमी भाग तुडवतो, तेव्हा एकूण नुकसान कमीच नाही का? हे खरे आहे, पण एका अटीवर. चाक दरवेळी त्याच चाकोरीतून गेले पाहिजे. मातीचे सर्वाधिक नुकसान पहिल्या फेरीत होते. त्यानंतरच्या फेऱ्या दाबलेल्यालाच दाबतात. म्हणून चाकोरी एकदा ठरवून ती कायमची सोडून द्यायची असेल, तर अरुंद टायरचा मुद्दा टिकतो. दर हंगामाला वेगळा भाड्याचा ट्रॅक्टर, दर ट्रॅक्टरच्या चाकांतले अंतर वेगळे, असे असेल तर तीन फेऱ्यांत अख्खे रान तुडवून होते. मागच्या चाकांमधले अंतर बहुतेक ट्रॅक्टरांत रिम उलटी बसवून कमी-जास्त करता येते. हे काम तासाभराचे आहे, पण भाड्याच्या कामात तो तास कोणी मोजत नाही.

फोर बाय फोर ट्रॅक्टरला टायरचे माप बदलताना आणखी एक गोष्ट आडवी येते, आणि ती दुकानात क्वचितच सांगितली जाते. अशा ट्रॅक्टरमध्ये पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित पुढे धावतील अशी गिअरची रचना असते, एक ते पाच टक्क्यांच्या आत. समजा ती तीन टक्के आहे, आणि मागचा टायर सहा टक्के कमी घेराचा बसवला. मग पुढची चाके जवळपास दहा टक्के पुढे ओढू लागतात. मऊ रानात हे घसरण्यात जिरते. डांबरीवर फोर बाय फोर तसाच लावून ठेवला तर पुढच्या टायरची नक्षी झिजते आणि पुढच्या आसाचे गिअर ताणले जातात. म्हणून बदल करायचा तर पुढचा-मागचा जोडीनेच, आणि कंपनीने दिलेल्या मापांच्या जोडीतूनच. लहान घेराचा दुसरा परिणाम रोटाव्हेटरवर होतो. पीटीओचे फेरे तेवढेच राहतात, ट्रॅक्टर मात्र त्याच गिअरमध्ये हळू सरकतो, त्यामुळे माती अधिक बारीक होते. काळ्या रानात ही बारीक माती पाणी दिले की पापुद्रा धरते. एक गिअर वर घेऊन चालवले की हा दोष जातो.

लहान टायर रुततो, ही तक्रार सर्वांत जुनी, आणि तिच्यात तथ्य आहे. कमी व्यासाचे चाक मऊ मातीत अधिक खोल बसते, काळी माती नक्षीत भरते, मग टायर गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरतो. मोठा टायर अशा वेळी निघून जातो. पण निघून जातो, हाच माझ्या मते त्याचा दोष आहे. वाफसा नसलेल्या रानात जो ट्रॅक्टर अडकत नाही, तो मालकाला वाफसा नसल्याचे कळू देत नाही. रुतणारे चाक दोन दिवस थांबायला लावते, आणि ते दोन दिवस जमिनीला हवेच असतात. पाटपाण्याच्या रानात हे थांबणे जड जाते, कारण कालव्याची पाळी आपल्या सोयीने येत नाही आणि सगळी सरी एकदम भिजते. ठिबकवर मात्र गणितच बदलते. नळीखालचा पट्टा ओला आणि मधला कोरडा राहतो; चाक कोरड्यावरून जाते आणि मुळे ओल्यात वाढतात. पट्टा पद्धतीने अडीच फुटांवर दोन ओळी आणि मध्ये पाच फूट मोकळे सोडले, की लहान टायरला त्याची चाकोरी आयतीच मिळते. म्हणजे टायरचा निर्णय प्रत्यक्षात लागणीच्या दिवशी, सरी काढतानाच झालेला असतो.

याहून कठीण आक्षेप फेऱ्यांचा आहे. माळेगाव खुर्दच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेने खोडव्यासाठी विकसित केलेले ‘सॉर्फ’ यंत्र बुडखे छाटते, बगला फोडते, जुनी मुळे कापते आणि खत मातीत पेरते, तेही एका फेरीत. ते ओढायची ताकद पंधरा अश्वशक्तीत नाही. चार कामांना हलक्या ट्रॅक्टरच्या चार फेऱ्या बऱ्या, की जड ट्रॅक्टरची एक? इथे मी जडाच्या बाजूने कौल देईन. पण ते काम तोडणीनंतर मोकळ्या, कोरड्या रानात होते, तेव्हा रुंद टायर, कमी हवा आणि पूर्ण वाफसा असे तिन्ही जमवता येते. नांगरटीचेही तेच. पाणी भरलेले जड चाक तिथे शोभते. उभ्या पिकात शिरण्याआधी मात्र ते पाणी काढायला हवे, आणि ते तसेच राहून जाते. दोन ट्रॅक्टर परवडणार कुणाला, हा प्रश्न उरतो. दोन-तीन एकरांच्या धन्याला एकही परवडत नाही. तो भाड्यानेच काम करून घेतो. त्याच्या हातात एवढेच आहे की बांधणीला मिनी ट्रॅक्टरवाला सांगायचा आणि नांगरटीला मोठा, आणि सरी त्या मापाची ठेवायची.

बोरीच्या द्राक्षपट्ट्यात लहान टायरचे राज्य निर्विवाद आहे. नऊ फुटी ओळीत मांडवाखालून दुसरे काही फिरणे अवघडच. पण तिथे हिशोबातून एक गोष्ट निसटते. फळछाटणीनंतर फवारण्यांमागून फवारण्या होतात, त्याही परतीच्या पावसाच्या दिवसांत. मिनी ट्रॅक्टर साडेसात क्विंटलचा, चार चाकांवर वाटलेला. त्याच्या मागचा ओढता ब्लोअर सहाशे लिटरचा. सहाशे लिटर पाणी म्हणजे सहा क्विंटल, लोखंडाचे वजन वेगळेच, आणि हा सारा भार दोन छोट्या चाकांवर. टायर निवडताना सगळे ट्रॅक्टरकडे पाहतात. बागेत सर्वांत कडक चाकोरी मात्र ब्लोअरचे चाक पाडते. तिथे टायर एक माप रुंद घेणे, टाकी अर्धी भरून दोनदा जाणे, ओळीत गवत राखणे, यातले काहीही ट्रॅक्टर बदलण्यापेक्षा स्वस्त आहे.

आणि मग ऊस तुटायला येतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, कुठलाही कारखाना असो, गाळपाच्या घाईत ट्रॉली फडात शिरते. वर्षभर आठ इंची चाकाने जपलेल्या सरीवर भरलेल्या ट्रॉलीचे टायर रस्त्याच्या कडक हवेने, कित्येक टन घेऊन आडवेतिडवे फिरतात. ट्रॉली बांधावरच थांबवा, असे सांगणे सोपे आहे. पण मग मोळ्यांचे ओझे टोळीतल्या बाया-माणसांच्या डोक्यावर तेवढे लांब जाते, पहाटेच्या थंडीत, ढेकळांतून आणि पाचटातून. जमीन वाचवण्याचा खर्च त्यांच्या मानेवर टाकायचा मला अधिकार वाटत नाही. करता येते ते एवढेच: लागणीच्या वेळीच फडाच्या मधोमध बारा फुटांची एक पट्टी मोकळी सोडायची आणि ट्रॉली तिच्यावरूनच आत न्यायची. त्या पट्टीतला ऊस बुडतो. एकरी किती ओळी सोडायच्या, हे टोळीच्या मुकादमाला विचारून ठरवावे. मोळी किती पावले न्यायची हे त्याला माहीत असते.