अर्ध्या तासाची पंगत

नाशिकच्या सरकारी कचेऱ्यांत कामाचा ताण वाढला की टेबलावर मिसळीचं पार्सल येतं. ते केवळ भुकेसाठी नसतं. एकत्र खाणारी माणसं अडल्या वेळी एकमेकांचं काम अंगावर घेतात. म्हणून ही पंगत कामकाजाचाच भाग मानून जपायला हवी. ती कशी चालते आणि कशावर टिकते, ते पाहू.

ताण कुठून येतो

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके आणि विधानसभेचे १५ मतदारसंघ. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा या दोन्ही निवडणुका सहा महिन्यांच्या अंतराने झाल्या आणि महसूल कर्मचाऱ्यांपासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांना ड्युटी लागली. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर नाशिकरोडच्या चलार्थपत्र मुद्रणालयातले कामगार रविवारीही नोटा छापत होते. सिंहस्थ कुंभमेळा २०१५ मध्ये झाला, आता २०२७ चा समोर आहे. त्यात दरवर्षीचा मार्चएंड. जागा रिकाम्या असल्या की ‘अतिरिक्त कार्यभार’ येतो, म्हणजे एकाच माणसाकडे दोन टेबलं.

वेळ किती मिळतो

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि कामाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. जेवणाची सुट्टी एक ते दोनच्या दरम्यान, तीही फक्त अर्धा तास. तेवढ्यात हॉटेलात जाऊन, जागा धरून, खाऊन परत येणं जमत नाही. त्यामुळे एक जण सगळ्यांची ऑर्डर घेतो आणि खाणं कचेरीतच येतं. घरचे डबेही उघडतात, पण डबा ज्याचा त्याचा असतो. पार्सल मात्र सगळ्यांचं.

मिसळच का

नाशिकची मिसळ काळ्या मसाल्याची. पार्सलमध्ये मोड आलेल्या मटकीची उसळ वेगळी, शेव-फरसाण कोरडं वेगळं आणि रस्सा वेगळा बांधलेला असतो. सोबत पाव, पापड, दही, कांदा आणि लिंबू. फायली बाजूला सरकतात, रस्सा मोठ्या भांड्यात ओतला जातो, वर तर्री तरंगते. मग ज्याला झणझणीत हवं तो तर्री घेतो, ज्याला पित्ताचा त्रास तो दही वाढवून घेतो. एकाच भांड्यातून प्रत्येकाच्या तब्येतीचं खाणं निघतं. शाकाहारी असल्यामुळे सहसा कुणी बाजूला राहत नाही. ऐनवेळी दोन माणसं वाढली तर दोन पाव आणि थोडा रस्सा जास्त मागवला की भागतं. चतुर्थी-एकादशीला उपवासवाल्यांसाठी साबुदाणा वडा येतो. संध्याकाळी थांबावं लागलं तर चिवडा आणि चहा.

परक्याला आपलं करणारं टेबल

२००५ च्या बदल्यांच्या कायद्यानुसार एका पदावरचा कार्यकाळ साधारणपणे तीन वर्षांचा. नाशिक महसूल विभागात नाशिकसह धुळे, नंदुरबार, जळगाव आणि अहिल्यानगर हे जिल्हे येतात. त्यामुळे कुणी बिऱ्हाड मागे ठेवून आलेलं असतं, कुणी रोज एसटीने ये-जा करतं. अशा माणसाला पहिल्या आठवड्यात “या भाऊसाहेब, बसा” म्हणून कुणी पाव पुढे केला की कोणती फाईल कुणाकडे अडते, हेही त्याला तिथेच कळतं. हिवाळ्यात तोच जळगावचं भरीत घेऊन येतो. एरवी साहेबांच्या केबिनबाहेर उभे असणारे शिपाईमामा याच टेबलावर बसून बोलतात आणि त्यांना कचेरीची सगळ्यात जास्त माहिती असते.

अभ्यास काय सांगतो

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी एका मोठ्या शहरातल्या अग्निशमन दलाचा अभ्यास करून २०१५ मध्ये तो प्रसिद्ध केला. हे जवान वर्गणी काढतात, बाजार आणतात, रांधतात आणि एकत्र जेवतात. जिथे असं जेवण जास्त होतं, त्या तुकड्यांच्या कामगिरीला वरिष्ठांनी अधिक चांगलं ठरवलं. एकत्र जेवणामुळेच काम सुधारतं, असा पुरावा यातून मिळत नाही. मात्र जेवण आणि सहकार्य हातात हात घालून चालतात, एवढं नक्की दिसतं.

काय सांभाळावं

• वर्गणी पगाराच्या मानाने असावी. शिपाई आणि कंत्राटी ऑपरेटर यांच्यावर बरोबरीचा भार नको.
• खिडकीवर एक जण पाळीने बसावा. तालुक्याहून दाखल्यासाठी आलेल्या माणसाचाही दिवसच मोडलेला असतो.
• वर्तमानपत्रावर वडे-भजी घेऊ नयेत. छपाईची शाई खाण्यात उतरते. उकळता रस्सा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत न आणता स्टीलच्या डब्यात आणावा.
• रोज तेलकट नको. आठवड्यातून एखादा दिवस मिसळ, बाकी दिवस डबे एकत्र उघडावेत.

शासनाने काय करावं

मिसळ ही रिक्त पदांवरचा उपाय नव्हे. भरती वेळेवर व्हायला हवी आणि ड्युटीनंतर विश्रांती मिळायला हवी. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्यानेच उपाहारगृहाची तरतूद केली होती. कचेऱ्यांतही निदान एक स्वच्छ खोली, लांब टेबल, पिण्याचं पाणी आणि हात धुवायला बेसिन असावं. सिंहस्थाच्या आराखड्यात रस्ते, घाट आणि वाहनतळांची आखणी होते. त्याच आराखड्यात बंदोबस्तावरचा पोलीस, सफाई कर्मचारी आणि नियंत्रण कक्षातला कारकून कुठे आणि कधी एकत्र जेवतील, हेही लिहिलेलं असावं.