खोडलेले नाव जाते कुठे?

२० ऑक्टोबर २००५. जर्मन सरकारी वकील डेटलेव मेहलिस यांचा अहवाल त्या दिवशी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांकडे दाखल झाला. लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांची त्याच वर्षी १४ फेब्रुवारीला बैरुतमध्ये बॉम्बस्फोटात हत्या झाली होती. तिच्या तपासासाठी नेमलेल्या आयोगाचे मेहलिस प्रमुख होते. अहवालात एका साक्षीदाराच्या हवाल्याने लिहिले होते, की हा कट काही वरिष्ठ लेबनीज आणि सीरियन अधिकाऱ्यांनी रचला. अधिकारी कोण, ते लिहिलेले नव्हते.

अहवालाची वर्ड फाइल पत्रकारांच्या हाती पडली. कुणीतरी तिच्यातले बदल दाखवण्याची सोय सुरू केली आणि त्याच वाक्यात नावे उमटली. त्यांत सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष बशर अल-असद यांचे भाऊ माहेर होते, मेहुणे आसफ शौकत होते. ती नावे कधी खोडली, त्याची वेळही शेजारी नोंदलेली होती. दुसऱ्या दिवशी मेहलिस यांना पत्रकारांसमोर खुलासा करावा लागला. अहवाल जाहीर होणार असे कळल्यावर, एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावरून कुणावर ठपका बसू नये म्हणून, आपणच नावे काढली. कुणाचाही दबाव नव्हता, असे ते म्हणाले. कारण पटण्याजोगे होते. पण तोवर ती नावे जगभर छापून आली होती.

यात कुणी कुलूप तोडले नव्हते की संकेतशब्द चोरला नव्हता. खोडलेली नावे फाइलमध्ये जागच्या जागी होती, फक्त दिसत नव्हती. कार्यालयात, वकिलाकडे, प्रकाशनसंस्थेत, विद्यापीठात एकाच मसुद्यावर चार-पाच जण काम करतात, तिथे लपवणे आणि काढून टाकणे यांतला हा फरक रोजच्या कामाचा आहे. आणि तो ज्यांना ठाऊक नाही, अशी माणसे अजून फार आहेत.

वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ई या कळा एकत्र दाबल्या की 'ट्रॅक चेंजेस' सुरू होते. त्यानंतर खोडलेला शब्द जात नाही, त्यावर रेघ पडते. नवा शब्द वेगळ्या रंगात, अधोरेखित उमटतो. तीन जणांनी हात फिरवला की तीन रंग. पानाची दशा शाळेतल्या तपासलेल्या वहीसारखी होते. मग वाचणाऱ्याला ही खाडाखोड नकोशी वाटते आणि तो 'रिव्ह्यू' टॅबमधल्या छोट्या यादीकडे वळतो. तिथे चार पर्याय असतात. 'ऑल मार्कअप' सगळे दाखवतो. 'सिंपल मार्कअप' हा २०१३च्या वर्डपासून आलेला पर्याय. तो दुरुस्त झालेला मजकूर दाखवतो आणि बदल असलेल्या ओळीपाशी समासात नुसती एक लाल उभी रेघ ठेवतो. 'नो मार्कअप' ती रेघही काढून घेतो. 'ओरिजिनल' दुरुस्तीपूर्वीचा मजकूर समोर ठेवतो. चारही पर्याय फक्त दिसण्यापुरते आहेत. त्यातला कुठलाही निवडला तरी फाइलमधले एक अक्षरसुद्धा हलत नाही.

हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते, आणि प्रत्येकाने एकदा पाहावेच. एका नव्या फाइलमध्ये लिहा: 'बैठक मंगळवारी तीन वाजता होईल.' ट्रॅक चेंजेस सुरू करा, 'मंगळवारी' खोडून 'बुधवारी' लिहा, 'नो मार्कअप' निवडा आणि फाइल सेव्ह करून बंद करा. आता तिची एक प्रत काढा आणि नावाच्या शेवटी असलेले 'डॉकएक्स' बदलून 'झिप' करा. फाइल पेटीसारखी उघडते, कारण डॉकएक्स ही मुळात अनेक लहान फाइली दाबून बसवलेली पेटीच आहे. तिची रचना गुप्त नाही. २००६ साली ती 'एक्मा' या संस्थेने आणि २००८ साली 'आयएसओ'ने मानक म्हणून प्रसिद्ध केली. पेटीत 'वर्ड' नावाचा फोल्डर, त्यात 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडली की कोनी कंसांच्या गर्दीत आपले वाक्य तुकड्यांनी सापडते. 'बैठक' साधा. त्यापुढे 'डेल' अशी खूण केलेल्या डबीत 'मंगळवारी'. तिच्या शेजारी 'इन्स' खुणेच्या डबीत 'बुधवारी'. दोन्ही डब्यांवर चिठ्ठी: कुणी केले, कोणत्या तारखेला, किती वाजता. मग 'तीन वाजता होईल', पुन्हा साधा. पडद्यावर मंगळवारचा मागमूस नाही, आणि फाइलमध्ये तो नावगावासकट बसलेला आहे.

लिब्रेऑफिसमध्येही नियम तोच, मांडणी वेगळी. त्याच्या ओडीटी फाइलमध्ये खोडलेले तुकडे मजकुराच्या सुरुवातीला एका स्वतंत्र विभागात जमा करून ठेवलेले असतात आणि मूळ जागी केवळ एक खूण असते. बदल दाखवणे बंद केले तरी तो विभाग तसाच राहतो.

एवढे वाचून बदल लपवूच नयेत असे कुणाला वाटेल. तसे मुळीच नाही. वाचण्यासाठी ते लपवायलाच हवेत, आणि त्याचे कारण आपल्या डोळ्यांत आहे. वाचताना डोळा ओळीवरून सरकत जात नाही, तो उड्या मारतो. एकेका मुक्कामावर साधारण पाव सेकंद थांबतो आणि त्या मुक्कामात स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम दोन अंशांचा असतो. हात ताणून समोर धरला तर अंगठ्याच्या रुंदीएवढा. त्या एवढ्याशा खिडकीत एक खोडलेला शब्द, एक नवा शब्द आणि दोन रेघा शिरल्या की वाक्याला जागाच उरत नाही. शिवाय अक्षराला दुसरी अक्षरे वा रेघा फार जवळून भिडल्या, तर ते अक्षर ओळखायला मेंदूला जड जाते. खाडाखोडीतून वाचणारा संपादक प्रत्येक दुरुस्ती तपासतो आणि वाक्याचा तोल गेलेला मात्र त्याच्या नजरेतून निसटतो.

मराठीत हा त्रास आणखी बारीक होतो. समजा टंकलिखितात 'वीद्यार्थी' आहे आणि मुद्रितशोधकाने दीर्घ वेलांटी काढून ऱ्हस्व केली. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण साठवली जाते अक्षरानंतर. कर्सर 'वी'पुढे ठेवून बॅकस्पेसने फक्त वेलांटी काढली, आणि नवी लिहिली, की फाइलमध्ये 'व'नंतर एक खोडलेली आणि एक नवी अशा दोन वेलांट्या आणि मग उरलेला 'द्यार्थी' अशी फोड होते. एका अक्षराच्या पोटात दोन नोंदी! ऱ्हस्व-दीर्घाच्या अशा शेकडो दुरुस्त्या असलेले प्रकरण सगळे बदल उघडे ठेवून वाचणे ही डोळ्यांची शिक्षा आहे. अशा वेळी 'नो मार्कअप' लावून आधी अर्थासाठी वाचावे आणि मग 'ऑल मार्कअप' लावून दुरुस्त्यांसाठी. दोन वाचने, दोन कामे.

खोडलेले न जाण्याची ही सवय संगणकाला जुनीच आहे. १९७४च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या 'पार्क' प्रयोगशाळेत बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी 'ब्राव्हो' हा लेखन-प्रोग्राम केला. मोठ्या मजकुरात मधेच शब्द घातला तर पुढचा सगळा मजकूर सरकवत बसावे लागू नये, म्हणून त्यात एक सुरेख युक्ती होती. मूळ मजकुराला हातच लावायचा नाही. नवे शब्द वेगळीकडे लिहायचे आणि 'आधी इथला तुकडा, मग तिथला, मग पुन्हा इथला' असा एक तक्ता ठेवायचा. शब्द खोडला म्हणजे तक्त्यातून त्याचा उल्लेख गेला. शब्द होता तिथेच राहिला. १९८१ साली सिमोनी मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि ही कल्पना वर्डमध्ये आली. जुन्या वर्डमधली 'फास्ट सेव्ह' ही सोय याच तत्त्वावर होती. ती सारी फाइल नव्याने लिहिण्याऐवजी बदल तेवढे शेपटीला जोडत असे, आणि कधीचे काढून टाकलेले परिच्छेद नोटपॅडमध्ये जसेच्या तसे वाचता येत. डिस्क मंद होत्या तोवर हा सौदा परवडला. पुढे ही सोय काढून टाकण्यात आली.

दडलेल्या नोंदी नेहमी घात करतात असेही नाही. विज्ञानाच्या इतिहासात त्यांनी एकदा मोलाची साक्ष दिली आहे. 'व्हायॉक्स' हे मर्क कंपनीचे सांधेदुखीवरचे औषध. त्याची ८,००० हून अधिक रुग्णांवर झालेली 'व्हिगर' चाचणी नोव्हेंबर २०००मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. सप्टेंबर २००४मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे औषध बाजारातून मागे घेतले गेले. पुढे संपादकांनी त्या लेखाची मूळ फ्लॉपी तपासली. १८ मे २०००ला लेख पहिल्यांदा त्यांच्याकडे पाठवला गेला, त्याच्या दोनच दिवस आधी हृदयविषयक माहितीचा काही भाग हस्तलिखितातून काढलेला होता, हे त्या फ्लॉपीवरून उघड झाले. डिसेंबर २००५मध्ये नियतकालिकाने चिंता व्यक्त करणारे जाहीर निवेदन छापले. त्यात आणखी एक मुद्दा होता. औषध घेणाऱ्या गटातले हृदयविकाराचे झटके छापील लेखात १७ धरले होते, प्रत्यक्षात ते २० होते. उरलेले तीन झटके आधी ठरवलेल्या मुदतीनंतरचे होते म्हणून धरले नाहीत, अशी बाजू कंपनीने मांडली. वाद पुढे बराच चालला. पण माहिती कधी काढली गेली हे समजले, ते फ्लॉपीवर राहिलेल्या खुणांमुळे. म्हणून शास्त्रीय लेख, चौकशी अहवाल, करार यांच्या बदल नोंदलेल्या कच्च्या प्रती आपल्या संग्रही जपून ठेवाव्यात. बाहेर पाठवायची प्रत मात्र वेगळी हवी.

ती वेगळी करताना लोक कुठे चुकतात? सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे 'नो मार्कअप' लावून पान स्वच्छ दिसले की तेच अंतिम समजणे. बदल खरोखर संपतात ते 'ॲक्सेप्ट' किंवा 'रिजेक्ट' केल्यावरच. दुसरी चूक जास्त फसवी आहे. 'शो मार्कअप'मध्ये जाऊन एखाद्या परीक्षकाचे बदल लपवलेले असतात, आणि 'दिसणारे सगळे बदल मान्य' असा पर्याय दाबला जातो. नावाप्रमाणे तो दिसणारेच मान्य करतो. लपवलेल्या परीक्षकाचे बदल तसेच लोंबकळत राहतात.

तिसरी चूक लिहिणाऱ्यांची. 'नो मार्कअप'मध्ये नोंद चालू आहे की बंद, हे पानाकडे पाहून कळत नाही. कुणी नोंद बंद असताना दोन परिच्छेद बदलतो आणि सहकाऱ्यांना पत्ताच लागत नाही. एकत्रित कामात हा विश्वासाचा प्रश्न आहे. त्यासाठी 'लॉक ट्रॅकिंग'ला संकेतशब्द लावून ठेवावा, मग नोंद कुणाला परस्पर बंद करता येत नाही.

वर्डमध्ये मदतीला दोन सोयी आहेत. २००७पासून 'डॉक्युमेंट इन्स्पेक्टर' आहे. फाइल, इन्फो, 'चेक फॉर इश्यूज' या वाटेने तो सापडतो आणि फाइलमध्ये उरलेले बदल, टिपा, लेखकाची नावे शोधून देतो. दुसरी सोय 'ट्रस्ट सेंटर'मध्ये, गोपनीयतेच्या पर्यायांत आहे. फाइल उघडताना किंवा सेव्ह करताना लपवलेले बदल आपोआप उघडे करायचे, अशी तिथे एक चौकट असते. महत्त्वाचे कागद हाताळणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने तिच्यावर खूण केलेली असावी.

आज कुणाला फाइल पाठवायची असेल, तर आधी तिची प्रत काढा. त्या प्रतीवर 'ऑल मार्कअप' लावा, 'शो मार्कअप'मध्ये सगळ्या परीक्षकांच्या नावांपुढे खूण आहे ना ते पाहा, प्रत्येक बदल मान्य वा अमान्य करा आणि शेवटी इन्स्पेक्टर चालवा. समासात एकही रेघ आणि एकही टीप उरलेली नसेल, तर फाइल पाठवायला हरकत नाही.