सेवा, कल्याण आणि कार्य : समाजकार्याच्या पदवीत शिकतात तरी काय?

आपल्याकडे 'समाजसेवक' होण्यासाठी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही. चौकात वाढदिवसाचा फलक लावला, नावाआधी तो शब्द घातला, की झाले. त्यामुळे एखाद्या मुलीने 'मी समाजकार्याची पदवी घेणार' असे घरी सांगितले, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : त्यात शिकण्यासारखे काय असते? माणुसकी काय कॉलेजात शिकवतात? प्रश्न खोचक आहे, पण टाळण्यासारखा नाही. या लेखात त्याचेच उत्तर शोधायचे आहे.

मी स्वतः या विषयाचा पदवीधर नाही. पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांविषयी वाचता वाचता, कारखाना कायद्याच्या कलमांतून आणि अभ्यासक्रमांच्या पुस्तिकांतून मी इथवर आलो. संत तुकाराम नगर हे त्यासाठी सोयीचे ठिकाण आहे. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय इथेच, डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय इथेच, वल्लभनगरचे एसटी स्थानक शेजारी आणि कारखान्यांची हद्दही फार दूर नाही. समाजकार्याचा पदवीधर पुढे जिथे नोकरी करतो, त्यांतली दोन मोठी ठिकाणे म्हणजे रुग्णालय आणि कारखाना. ती इथे हाकेच्या अंतरावर आहेत.

आधी थोडा इतिहास. महाराष्ट्रात संघटित सेवेची परंपरा या पदवीपेक्षा जुनी आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याचे सेवासदन सुरू झाले. १९११ मध्ये ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि कामगारांसाठी रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालवले. हेच जोशी १९२० साली आयटकच्या स्थापनेत पुढे होते. रात्रशाळा चालवणारा माणूस कामगार संघटनेपर्यंत पोहोचतो, हा प्रवास लक्षात ठेवावा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते १९३६ साली. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मिशनरी मुंबईच्या नागपाड्यात वस्तीकेंद्र चालवत होते. त्यांच्या पुढाकाराने आणि टाटा न्यासाच्या पैशातून सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क उभे राहिले. १९४४ पासून आपण त्याला टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखतो. पुण्यात १९६३ साली कर्वे समाज सेवा संस्था सुरू झाली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६२ मध्ये, एमआयडीसीची स्थापना झाली होती. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होतीच. नंतरच्या काळात वाहन उद्योग आला. शहराला कारखाने आणि समाजकार्याचे शिक्षण मागेपुढेच मिळाले.

आता अभ्यासक्रम. बारावीनंतर बी.एस.डब्ल्यू. करता येते. एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांची असून कोणत्याही शाखेचा पदवीधर तिला जाऊ शकतो. वर्गात समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदे आणि संशोधनपद्धती असतात. त्याबरोबर समाजकार्याच्या पद्धती शिकवतात : एकेका व्यक्तीबरोबर काम करायचे ते व्यक्तिसहाय्यकार्य, गटाबरोबर गटकार्य, वस्तीबरोबर समुदाय संघटन, शिवाय कल्याण प्रशासन, सामाजिक कृती आणि संशोधन. ज्याच्याबरोबर काम करायचे त्याला मराठी पाठ्यपुस्तके 'सेवार्थी' म्हणतात.

पण या पदवीचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. साधारणपणे आठवड्याचे दोन दिवस विद्यार्थी एखाद्या रुग्णालयात, वस्तीत, शाळेत किंवा संस्थेत असतो. आल्यावर त्याला लिहावे लागते : कोण भेटले, ते काय म्हणाले, मी काय म्हणालो, असे का म्हणालो, पुढे काय करायचे. मग मार्गदर्शक शिक्षक ती नोंद समोर ठेवून त्याला प्रश्न विचारतो. 'रुग्णाच्या बायकोला रडू आले तेव्हा तू विषय का बदललास?' 'ती नको म्हणत असताना पैसे तू का देऊ केलेस?' माणुसकी शिकवता येत नाही, हे खरेच. पण आपली माणुसकी समोरच्याला उपयोगी पडते आहे की आपल्यालाच बरे वाटायला लावते आहे, हे तपासायची सवय लावता येते. तोंडी सांगून ती लागत नाही. दोन वर्षे दर आठवड्याला लिहून, दाखवून आणि ऐकून घेऊन लागते.

ही सवय नोकरीत कशी कामी येते, ते आधी रुग्णालयात पाहू. भारतात वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची पहिली नेमणूक १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली. आज सरकारी रुग्णालयांत या पदाचे नाव 'समाजसेवा अधीक्षक' असे आहे. म्हणजे पदवी 'कार्याची' आणि पाटी 'सेवेची'. समजा, चाकणच्या एखाद्या शेडमध्ये कंत्राटावर काम करणारा परप्रांतीय तरुण अपघात होऊन दाखल झाला. डॉक्टर त्याची मोडलेली हाडे पाहतात. समाजसेवा अधीक्षकाला वेगळे प्रश्न पडतात. शिधापत्रिका इथली आहे की गावाकडची? अपघात कामावर झाला असेल, तर कर्मचारी राज्य विमा लागू होतो का? मालकाने किंवा ठेकेदाराने त्याची नोंद केली आहे का? गावी कुणाला कळवायचे? सुटी झाल्यावर कुबड्या घेऊन तो ज्या खोलीत परतणार, तिथे जिना किती चढावा लागतो?

ट्रस्टच्या रुग्णालयात आणखी एक बाब येते. सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ एए खाली २००६ साली मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करायची असते. हे ज्याला ठाऊक नाही तो हात जोडून सवलत मागतो. ज्याला ठाऊक आहे तो अर्ज करतो. पहिल्याला दुसऱ्या ठिकाणी नेऊन पोहोचवणे, हे त्या खुर्चीतल्या माणसाचे खरे काम. ते दयेने होत नाही. त्यासाठी कलम माहीत असावे लागते, कागद वेळेत गोळा करावे लागतात आणि नातेवाइकांशी बोलताना त्यांची लाज राखावी लागते.

कारखान्यातली गोष्ट जास्त अवघड आहे. १९४८च्या कारखाना कायद्याचे कलम ४९ सांगत होते की ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. त्याची कर्तव्ये आणि पात्रता राज्य सरकार ठरवेल. समाजकार्याच्या पदवीला औद्योगिक पट्ट्यात भाव आला तो या कलमामुळे. या पदाची मुळे आणखी मागे जातात. गिरण्यांतली भरती मुकादमाच्या हाती असायची, त्यावर उपाय म्हणून १९३१ साली व्हिटली आयोगाने कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली होती. केंद्राने राज्यांना दिलेल्या नमुना नियमांत दोन अटी लक्ष वेधून घेतात. कल्याण अधिकाऱ्याला बहुसंख्य कामगारांची भाषा यायला हवी. आणि त्याने कामगाराविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणे हाताळायची नाहीत, व्यवस्थापनाच्या बाजूने कामगाराविरुद्ध न्यायाधिकरणात उभे राहायचे नाही.

दुसरी अट मुद्दाम घातलेली आहे. हा अधिकारी कायद्यामुळे नेमला जातो, त्याचा पगार मालक देतो आणि त्याने काम करायचे ते कामगारासाठी. तिघांच्या ओढाताणीत तो कुठे झुकेल, हे नियम लिहिणाऱ्यांना नीट कळत होते. मधल्या काळात काय झाले, ते पदवीच्या विशेषीकरणाची नावे वाचली तरी दिसते. 'कामगार कल्याण' होते, त्याचे 'कर्मचारी व्यवस्थापन' झाले आणि आता बहुतेक ठिकाणी 'मानव संसाधन व्यवस्थापन' आहे. कल्याण हा शब्द गेला. पहिल्यात माणूस आहे. शेवटच्यात माणूस असला तरी तो संसाधन म्हणून.

म्हणून या शाखेतून नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना दोष देता येणार नाही. कर्ज काढून शिकलेल्याला पगार लागतोच, आणि पट्ट्यात पगार कारखाना देतो. पण कायदा अजूनही त्यांच्या हाती काही देतो. १९७६च्या दुरुस्तीपासून कारखाना कायद्यातल्या 'कामगार' या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला माणूसही धरलेला होता. म्हणजे कल्याण अधिकाऱ्याची जबाबदारी कायम कामगारांपाशी संपत नाही. निळ्या गणवेशाच्या शेजारी वेगळ्या रंगाचा शर्ट घालून उभा असलेला कंत्राटी मुलगाही त्याचा सेवार्थी आहे. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने तर कल्याण अधिकाऱ्यासाठीची संख्या ५०० वरून २५० वर आणली. आणि 'बहुसंख्य कामगारांची भाषा' ही अट आजच्या चाकणला लावली, तर नुसत्या मराठीवर भागणार नाही. हिंदी तर हवीच, भोजपुरी किंवा ओडिया समजली तर फारच उत्तम.

एक उणीव सांगितली पाहिजे. वकिलांना बार कौन्सिल आहे, तशी समाजकार्याला देशपातळीवर स्वतःची परिषद नाही. २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत वैद्यकीय आणि मनोरुग्णविषयक समाजकार्यकर्ते आले, हे पुढचे पाऊल. कारखान्यातला आणि वस्तीतला समाजकार्यकर्ता मात्र त्याच्या बाहेर आहे. कामगाराविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडले, तर 'माझ्या व्यवसायाच्या आचारसंहितेत हे बसत नाही' असे सांगायला त्याच्या पाठीशी कोणी नसते. जोशींना रात्रशाळेकडून संघटनेकडे जाता आले, कारण त्यांचा पगार गिरणीमालक देत नव्हता.

तेव्हा मुलगी ही पदवी घ्यायची म्हणाली, तर घरच्यांनी माणुसकीची चौकशी करू नये. महाविद्यालयात जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात : क्षेत्रकार्याला कुठे पाठवता, आणि तिची नोंदवही दर आठवड्याला कोण वाचते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर माहितीपत्रकात मिळेल. दुसऱ्याचे उत्तर देताना समोरच्या शिक्षकाने आपल्या टेबलावरची लाल शाईने भरलेली वही पुढे केली, तर फी भरायला हरकत नाही.