साडेसदतीस लाख भोकांचा झगा

चला, भोकं मोजू या. बॅले नर्तिकेच्या कमरेभोवती आडवा ताठ उभा राहणारा तो पांढरा झगा, म्हणजे टूटू, बनतो ट्यूल नावाच्या जाळीचा. एकावर एक दहा-बारा थर! हिशेबाला आपण एका टूटूसाठी १२ मीटर जाळी धरू. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरचं. म्हणजे जवळजवळ दीड नऊवारी कमरेला, आणि मांडी तरीही उघडीच.

आता जाळीचा पन्हा सव्वा मीटर धरा. झाली १५ चौरस मीटर. भोक साधारण दोन मिलिमीटरचं धरलं, तर चौरस सेंटीमीटरला २५ भोकं. चौरस मीटरला अडीच लाख. आणि अख्ख्या टूटूला? साडेसदतीस लाख! २०११च्या जनगणनेत पुणे शहरात ३१ लाख माणसं होती. प्रत्येक पुणेकराला एकेक भोक वाटलं तरी सहा लाख उरतात. (भोक गोल नसून षट्कोनी आहे ही तक्रार येईलच, ती वेगळी मोजू.)

ही भोकं एकेकाळी हातानं विणत. उशीवर टाचण्या रोवून, धाग्यांना पीळ देत, निष्णात बाई मिनिटाला पाच भोकं काढायची. साडेसदतीस लाखांना लागली साडेसात लाख मिनिटं. रोज दहा तास बसली, तर साडेबाराशे दिवस. रविवार आणि सण सोडले तर चार वर्षांहून जास्त, तेही एका झग्याला आणि शिवण जमेत न धरता! राणीलाही परवडू नये असा हा मामला.

मग जॉन हीथकोट नावाच्या इंग्रज कारागिरानं १८०९ साली जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. यंत्राचा वेग मिनिटाला हजार भोकं. चार वर्षांचं काम साडेबासष्ट तासांवर आलं. १८३०च्या दशकात सुधारलेली यंत्रं मिनिटाला तीस हजारांवर गेली. आता तोच टूटू किती वेळात? सव्वाशे मिनिटांत! डेक्कन क्वीन मुंबईहून सुटून लोणावळ्याच्या आसपास येते न येते, तोवर चार वर्षांची जाळी तयार.

ज्यांची पोटं हातकामावर होती, त्यांना याचं कौतुक कसं वाटावं? २८ जून १८१६च्या रात्री लडाइट बंडखोरांनी हीथकोटचा लफबरोचा कारखाना गाठला आणि ५५ यंत्रं फोडली. भरपाई मंजूर झाली दहा हजार पौंड. आजच्या नुसत्या विनिमय दरानं हे दहा लाख रुपयांच्या वर जातात, दोनशे वर्षांची महागाई त्यात धरलेलीच नाही. अट एवढीच होती की पैसा तिथेच खर्च करायचा. गडी म्हणाला, नको. उठला तो थेट डेव्हन परगण्यातल्या टिव्हर्टनला गेला. त्याच्यामागून अनेक कामगार सुमारे ३२० किलोमीटर पायी गेले. मुंबईहून पुण्याला चालत जा, परत या, वर वीस किलोमीटर आणखी चाला. आणि त्याच टिव्हर्टनच्या हीथकोट कारखान्याच्या कापडाचं पॅराशूट २०२१ साली पर्सिव्हिअरन्स यानाला घेऊन मंगळावर उतरलं. प्रवास ४७ कोटी किलोमीटरचा! मुंबई-पुण्याच्या एकतीस लाख खेपा. विषयांतर आहे, पण एवढा मोठा आकडा समोर आल्यावर हात आवरत नाही.

परत झग्याकडे. १२ मार्च १८३२ रोजी पॅरिस ऑपेरात मारी तालिओनी ‘ला सिल्फिद’ या बॅलेमध्ये पांढऱ्या, घंटेसारख्या, पोटरीपर्यंत येणाऱ्या झग्यात अवतरली आणि सगळ्या नर्तिकांना तोच हवा झाला. पुढच्या पन्नास वर्षांत झगा वर वर सरकत गुडघ्याच्याही वर गेला. पायांची करामत दिसायला हवी ना!

पण मध्ये एक आकडा असा आहे, की तिथे हसू थांबतं. पंधरा चौरस मीटर सुती जाळी, लाखो भोकांतून खेळणारी हवा आणि खाली गॅसच्या उघड्या ज्योती. १५ नोव्हेंबर १८६२ला तालमीच्या वेळी एमा लिव्हरी या नर्तिकेचा झगा पेटला. आग न धरणारं औषध लावलेले झगे होते, पण जाळी ताठ आणि मळकट दिसते म्हणून तिनं ते नाकारले होते. २५३ दिवस ती झुंजली आणि विसाव्या वर्षी गेली.

आता मोठी बेरीज. ‘ला बायादेर’ हा मारियस पेतिपाचा बॅले १८७७ साली सेंट पीटर्सबर्गला आला. कथा चक्क हिंदुस्थानातली, नायिका निकिया देवळातली नर्तकी. सावल्यांच्या प्रवेशात हिमालयाच्या उतारावरून पांढऱ्या झग्यांतल्या नर्तिका एकीमागून एक उतरतात. मारिन्स्की थिएटरच्या प्रयोगात त्या असतात ३२. प्रत्येक पावलाला एक पाय मागे उचलून तोल धरायचा आणि प्रत्येक वेळी मागून एक नवी सामील व्हायची. बत्तिसावी पहिला पाय उचलते, तोवर एकूण तोल धरून झाले ५२८!

आणि भोकं? ३२ गुणिले साडेसदतीस लाख म्हणजे बारा कोटी. पुणं कुठल्या कुठे राहिलं. २०११चा अख्खा महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा. गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत घरोघर, माणशी एकेक भोक वाटा, तरी पंच्याहत्तर लाख शिल्लक.

धागा राहिलाच. शेजारच्या भोकांशी बाजू सामाईक धरल्या, तर एका षट्कोनी भोकाच्या वाट्याला जेमतेम पावणेचार मिलिमीटर येतो. एका टूटूचे झाले १४ किलोमीटर. पिळाला किमान दोन धागे लागतात, म्हणून २८. बोरीबंदरहून ठाण्याला गेलेल्या पहिल्या आगगाडीला ३४ किलोमीटर जायचं होतं. इथे एकाच कमरेवरचा धागा मुलुंडच्या अलीकडे येऊन ठेपतो. बत्तीस कमरांचा धरला तर ८९६ किलोमीटर! मुंबईहून धाग्याचं टोक धरून निघा. कसारा घाट चढा, नाशिक, भुसावळ, अकोला, वर्धा मागे टाका, ८३७ किलोमीटरवर नागपूर स्टेशन येतं, आणि रिळावर अजून साठेक किलोमीटर आहेतच. निकियाचा टूटू तर आपण मोजलेलाच नाही.