संकेतबद्ध चित्रफिती व व्यावसायिक प्रक्षेपण यंत्रणा : सुसंगतीचा प्रश्न

प्रस्तावना :
रोहा येथील धावीर महाराजांच्या पालखीस पोलीस मानवंदना देतात. अशा सोहळ्याचे भ्रमणध्वनीवरील चित्रण संगणकावर निर्दोष दिसते. तथापि तीच फाईल वाहिनीच्या प्रक्षेपण सर्व्हरवर चालेलच असे नाही. सोहळ्याचा क्षण पुन्हा चित्रित करता येत नसल्याने या विसंगतीची कारणे जाणणे अगत्याचे आहे.

कारणमीमांसा :
संगणकावरील प्लेअर एखादी चौकट उशिरा उलगडली तरी सावरून घेतो. प्रक्षेपण यंत्रणेस ही मुभा नसते. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले ते सेकंदाला २५ चौकटींच्या पद्धतीवर. त्या गतीने प्रत्येक चौकट ४० मिलिसेकंदांत बाहेर पडलीच पाहिजे. म्हणून हार्डवेअर ठरावीक स्वरूपाचीच फाईल स्वीकारते.

फाईलचे तीन स्तर संभवतात : वेष्टन (कंटेनर), संकेतन (कोडेक) आणि चौकटींची गती, रंगनमुना, ध्वनी इत्यादी परिमाणे. नावापुढील एमपी४ बदलून एमएक्सएफ लिहिल्याने यांपैकी काहीच बदलत नाही. उदाहरणार्थ, एक्सडीकॅम एचडी ४२२ या प्रचलित स्वरूपात एमएक्सएफ वेष्टन, एमपेग-२ संकेतन, सेकंदाला ५० मेगाबिट, ४:२:२ रंगनमुना व ४८ किलोहर्ट्झचा असंपीडित ध्वनी असतो. भ्रमणध्वनीचे चित्रण बहुधा एच.२६४ वा तत्सम संकेतनात, ४:२:० रंगनमुन्यात आणि सेकंदाला सुमारे ३० चौकटींचे असते. शिवाय ही गती कमीजास्त होते. प्रत्येक चौकट दोन फील्डांत विभागून दाखविली जाते तेथे फील्डांचा क्रम उलटल्यास चालती पालखी मागेपुढे हिसके घेत असल्याचा भास होतो.

उपाययोजना :
प्रथम वाहिनीकडून तांत्रिक निकष लेखी घ्यावेत. मीडियाइन्फोसारख्या साधनाने फाईलची परिमाणे तपासावीत. त्यानंतर मूळ फाईलवरूनच, शक्यतो एकदाच, गती स्थिर करून रूपांतर करावे; प्रत्येक पुनःसंकेतनात सामान्यतः दर्जा घटतो. रूपांतरित फाईल संबंधित यंत्रणेवर आरंभापासून अखेरपर्यंत चालवून पाहावी. मूळ फाईल जतन करावी.

निष्कर्ष :
रूपांतराने फाईल स्वीकारार्ह होते, उत्तम होत नाही. ४:२:० मध्ये गमावलेले रंगतपशील ४:२:२ मध्ये परत येत नाहीत. ३० चौकटींच्या २५ करताना हालचालीचा ओघही तुटतो. म्हणून सुसंगतीचा विचार रूपांतराच्या वेळी नव्हे, तर चित्रणापूर्वीच, कॅमेऱ्यावर २५ चौकटींची गती निवडताना सुरू व्हावयास हवा.